ही राखण कोणाच्या हिशोबात?



ज्वारी दाण्यावर आली की शेतात माळा उभा राहतो आणि पाखरे उठवायला घरातले एखादे पोर गोफण घेऊन त्यावर बसते. आपल्यापैकी बहुतेक जण लहानपणी त्या माळ्यावर बसलेले आहेत. चार दिवस शाळा बुडायची, पण त्या राखणीला मुदत होती. कणसे खुडून खळ्यावर आली की पोर मोकळे व्हायचे.

या अंकात आम्ही वेगळ्या राखणीबद्दल लिहीत आहोत. ही राखण पिकाची नाही, माणसाची आहे. लकवा मारलेला बाप, क्षयाने खंगलेली आई, डोळे गेलेली आजी, यांना आपल्या गावागावांत दहा, बारा, पंधरा वर्षांची पोरे सांभाळत आहेत. या राखणीला मुदत नाही, तिचा हंगाम संपत नाही आणि ती कोणाच्याही हिशोबात धरलेली नाही. सरकारच्या नाही, शाळेच्या नाही आणि खरे सांगायचे तर आपल्या चळवळीच्याही नाही.

गेल्या हंगामातली गोष्ट

कापसाच्या दुसऱ्या वेच्याच्या सुमारास बोंडअळीवरच्या बैठकीसाठी आम्ही एका गावी गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. माणसे जमायला वेळ होता म्हणून एका कार्यकर्त्याने शेजारच्या घरी चहाला नेले. चहा आणला तो तेरा वर्षांच्या एका पोरीने. आत खाटेवर तिचा बाप पडलेला. वर्षभरापूर्वी एक बाजू गेलेली, वाचा अर्धवट. आई वेच्याला गेलेली. पोरीने कप ठेवले, आत गेली, बापाला कुशीवर वळवले, पाठीखाली गोधडीची घडी सरकवली, तोंड पुसले आणि परत येऊन कप उचलले.

आम्ही विचारले, "कितवीत आहेस बाई?"

ती म्हणाली, "सातवीत होती."

"आता का नाही जात?"

"मी शाळेत गेली त बाबाले पानी कोन पाजन?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर नसले की माणूस कौतुक करतो. आम्हीही म्हणालो, "मोठी गुणाची पोर आहे." आणि उठून बैठकीला गेलो. एकरी कामगंध सापळे किती लावायचे, पऱ्हाटी शेतातून कधी काढायची, यावर दोन तास बोललो. कपाशीची राखण कशी करायची हे शंभर माणसांना सांगितले. बापाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, टाचा आणि कंबर रोज तपासाव्यात, चामडी लाल दिसली की तिथला भार काढावा, घास भरवताना मान उचलून धरावी, ठसका लागला तर थांबावे, हे त्या पोरीला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. तिचे ती शिकली होती. रात्री परतताना गाडीत आम्हाला आमच्याच कौतुकाची लाज वाटली.

हा निर्दयपणा नाही, हे गणित आहे

शहरातला माणूस हे ऐकतो आणि म्हणतो, आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. हे बोलणाऱ्याने एकदा हिशोब करून पाहावा. बाई दिवसाला पस्तीस किलो कापूस वेचते असे धरा आणि किलोला दहा रुपये मजुरी धरा. दिवसाचे ३५० रुपये झाले. वेच्याचे चाळीस दिवस धरले तर १४,००० रुपये. आई घरी बसली तर हे पैसे बुडतात. पोरगी घरी बसली तर त्या दिवशी काहीच बुडत नाही. जे बुडते ते दहा वर्षांनी दिसते. ज्या घरात दुकानदाराची उधारी थकलेली आहे, बापाच्या औषधाची चिठ्ठी खिशात आहे, त्या घराला दहा वर्षांनंतरचा हिशोब परवडत नाही. त्या पोरीच्या आईने आम्हाला नंतर हेच सांगितले, "पोरगी घरी रायते म्हनून माहा वेचा चालू हाय, भाऊ."

म्हणजे त्या घराने १४,००० रुपयांसाठी पोरीची शाळा गहाण टाकली आहे. दागिना गहाण टाकला तर तो सोडवता येतो. सातवीचे वर्ष सोडवून आणता येत नाही.

शेतीमालाच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा, यासाठी शेतकरी वर्षानुवर्षे भांडला. कृषी मूल्य आयोगाच्या हिशोबात आज घरच्या श्रमाची किंमत धरावी लागते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले तेव्हा शेतकरी बाईचे न मोजलेले कष्ट चव्हाट्यावर आले. पण आई वेच्याला जाऊ शकते ती पोरगी घरी बसते म्हणून. कापसाच्या त्या प्रत्येक गाठोड्यात पोरीचा दिवस बांधलेला आहे. तो दिवस ना आयोगाने धरला, ना व्यापाऱ्याने, ना आपण.

राखणीचे प्रकार

एकाच घराची ही गोष्ट असती तर संपादकीय लिहायचे कारण नव्हते. त्यानंतर आम्ही जिथे गेलो तिथे विचारत गेलो. प्रत्येक गावात दोन-चार घरे निघाली.

ऊसतोडीला जाणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरी थोरली पोरगी कोप्यावर धाकट्यांना सांभाळते, नाहीतर गावी म्हाताऱ्या आजीजवळ राहते. कागदावर आजी नातीला सांभाळते, प्रत्यक्षात नात आजीला सांभाळते. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून अधिक बायांची गर्भाशये काढलेली आढळली. त्या बायांवर सभागृहात चर्चा झाली, अहवाल आला. पण शस्त्रक्रियेनंतर त्या घरांत पाणी कोणी भरले, भाकरी कोणी थापल्या?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. गेले त्यांची मोजणी झाली. दवाखान्यातून घरी आले, त्यांना महिनोन् महिने कोणी उठवले-बसवले, याची नोंद आम्हाला कुठे सापडली नाही.

आणखी एक राखण आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बाप कर्जात बुडालेला असतो. जेवत नाही, बोलत नाही, रात्री अंगणात फेऱ्या मारतो. आई घाबरलेली असते आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला सांगते, बाबावर नजर ठेव. ते पोर शाळेतून मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन बाप दिसतो का ते बघून जाते. रात्री बापाच्या खाटेला खाट लावून झोपते आणि झोपत नाही. मास्तर म्हणतात पोराचे अभ्यासात लक्ष नाही. लक्ष कसे असेल? त्याचे लक्ष राखणीवर आहे. हे ओझे पंधरा वर्षांच्या खांद्याचे नाही, मोठ्या माणसांचे आहे. अशा घरातली कीटकनाशके त्याच दिवशी काढून शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, किल्ली घरात ठेवू नका. दोघातिघांनी आळीपाळीने जाऊन बसा, बोला, सरळ विचारा. विचारल्याने माणूस बिघडत नाही, विचारल्याने तो बोलता होतो. १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयातही डॉक्टर असतात. पण पोराला आधी एवढे सांगा, की बाबाला वाचवणे ही तुझ्या एकट्याची जबाबदारी नाही.

नाव नाही म्हणून नोंद नाही

कायद्याच्या वहीत या पोरांसाठी रकाना नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क दिला. २०१६ साली बालमजुरीचा कायदा सुधारला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली, शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा मात्र राहिली. आता ही पोरगी बघा. ती मजूर नाही, कारण तिला मालक नाही. अनाथ नाही, आईबाप दोघेही जिवंत आहेत. पटावर तिचे नाव असते, म्हणून कित्येकदा शाळाबाह्यही नसते. ती कुठेच नाही. आणि चौदा वर्षे पूर्ण झाली की शिक्षणाचा कायदाही तिच्यावरची नजर काढून घेतो. नेमके तेव्हाच घरातले ओझे वाढते.

ब्रिटनमध्ये अशा मुलांना वेगळे नाव आहे. २०१४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अशा मुलाला काय मदत लागते ते तपासून पाहणे स्थानिक शासनाचे कर्तव्य ठरले. आपल्याकडे त्यांना एकच नाव आहे, 'गुणाची पोर'. हे नाव गोड आहे म्हणूनच घातक आहे. गुणाच्या पोरीला तक्रार करता येत नाही. थकले म्हटले तर ती गुणाची राहत नाही. शिवाय हे कौतुक करून आपण मोकळे होतो, बाजीवर पडलेल्या माणसाकडे पुन्हा फिरकत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरात आई आजारी पडली की चार शहाणे सुचवतात, पोराचे लग्न करून टाका, घरात बाई पाहिजे. मग सोळा वर्षांची कोणाची तरी पोरगी सून म्हणून आणली जाते आणि माप ओलांडल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूच्या उशाशी बसते. म्हणजे एका घरातली राखण दुसऱ्या घरातल्या पोरीच्या गळ्यात घातली. २००६ च्या कायद्याने हा गुन्हा आहे. त्या लग्नाच्या पंगतीत आपणही जेवतो, हे विसरू नका.

आमचे म्हणणे कोणी वेडेवाकडे घेऊ नये. आजीला पाणी देणे, आईचे पाय चेपणे, धाकट्याला खेळवणे हे पोरांनी करूच नये असे आम्ही म्हणत नाही. त्यातूनच माणूस घडतो. ती पोरगी बापावर माया करते, तिला बापापासून तोडून वसतिगृहात टाका असेही म्हणत नाही. बैल ओढतो म्हणून त्याच्यावर किती लादायचे याला शेतकऱ्याकडे माप असते. पोरांसाठीही माप लावा. शाळा बुडते का? झोप बुडते का? खेळणे बंद झाले का? या तीनपैकी एकालाही 'हो' असे उत्तर आले तर ती मदत राहिली नाही, ओझे झाले.

हक्काचे ते वसूल करा

सरकारच्या काही योजना आहेत. अपुऱ्या आहेत, पण आहेत, आणि ज्यांना लागू होतात त्यांनाच माहीत नाहीत.

पहिली, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एकच पालक उरलेली मुले, किंवा ज्यांचे आईबाप गंभीर आजाराने वा अपंगत्वाने त्यांना सांभाळू शकत नाहीत अशी मुले, यांना अठरा वर्षांपर्यंत ही मदत आहे. २०२३ साली रक्कम वाढून दरमहा २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. केवळ विधवांच्या मुलांसाठी ही योजना आहे असे गावात समजतात. ते खरे नाही.

दुसरी, संजय गांधी निराधार अनुदान योजना. अपंग आणि दुर्धर आजारी माणसाचा अर्ज तहसीलमध्ये जातो. २०२३ साली हे अनुदान दरमहा दीड हजार झाले. तिची उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षानुवर्षे एकवीस हजारांवर अडवून धरली गेली, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाचे सत्तावन्न रुपये. अपंगांसाठी ही मर्यादा पन्नास हजार आहे, म्हणून अपंगत्वाचा दाखला आधी काढा.

तिसरी, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. वीज पडली, विहिरीत पडला, यंत्रात हात गेला, साप चावला, तर मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक अवयव वा एक डोळा गेल्यास एक लाख. प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. घर दुःखात असताना हे तीस दिवस निघून जातात, म्हणून कागद शेजाऱ्याने गोळा करावेत.

चौथी, क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारी रक्कम, नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार. रुग्णाजवळ झोपणाऱ्या पोरांची तपासणीही त्याच वेळी आरोग्य केंद्रात करून घ्या. राखण करणाराच उद्या रोगी होऊ नये.

दाखल्यासाठी लकवा झालेल्या माणसाला जिल्ह्याला न्यावे लागते, आणि तिथेच बहुतेक प्रकरणे अडतात. आपण मेळाव्याला ट्रॅक्टर भरून माणसे नेतो. तर एका रुग्णाला दाखल्यासाठी नेता येणार नाही?

मागणी म्हणून सरकारपुढे एक गोष्ट ठेवायची आहे. केरळने २००८ साली अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या सेवेचे धोरण केले. तिथे ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेतून नर्स रुग्णाच्या घरी जाते, गावातले स्वयंसेवक बरोबर असतात. पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा सहाशे रुपये देण्याची योजनाही त्या राज्याने केली. रक्कम लहान आहे, पण तिच्यामागे एक कबुली आहे, की हे काम आहे. महाराष्ट्राने एवढी कबुली तरी द्यावी.

इर्जिक माणसासाठी

सरकार येईल तेव्हा येईल. पोरीची शाळा उद्या सकाळी भरते.

आपल्या भागात इर्जिक होती, काही ठिकाणी अजून आहे. एखाद्याची पेरणी अडली, बैल मेला, माणूस पडला, की गाव औते घेऊन त्याच्या शेतात उतरायचे. कोणी उपकार म्हणायचे नाही, कारण उद्या पाळी आपली असे. शेतासाठी जे करतो ते माणसासाठी का करू नये? शाळेची वेळ पाच-सहा तासांची. रुग्णाजवळ दोन-दोन तास बसायला तीन माणसे लागतात. गावात वेच्याला न जाऊ शकणाऱ्या म्हाताऱ्या असतात, पारावर बसलेली तरणी पोरे असतात. आठवड्याचे वार वाटून घेतले तर एकेकाच्या वाट्याला दोन तासांच्या दोन-तीनच पाळ्या येतात. बापाला आंघोळ घालणे, कपडे बदलणे ही कामे तेरा वर्षांच्या पोरीने करू नयेत. तिथे पुरुषानेच गेले पाहिजे, भावकीतल्या किंवा शेजारच्या.

शाळेत जाऊन मास्तरांना भेटा. गैरहजेरीचे कारण त्यांना ठाऊक नसते, आणि पोर सांगत नाही. सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास वेगळा शिकवायचा, अशी तरतूद शिक्षण हक्क कायद्यातच आहे. ती मागा. ज्यांची माध्यमिक शाळा सुटली त्यांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते. आशाताईला बोलवा आणि रुग्णाला वळवणे, भरवणे, औषधाच्या वेळा हे घरातल्या मोठ्या माणसांना आणि पाळीवर येणाऱ्यांना शिकवून घ्या. आणि घरात अगदीच अडले, मारहाण आहे, पोर उपाशी आहे, तर १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी आहे.

त्या गावी आम्ही पुन्हा गेलो. सगळे सुरळीत झाले असे सांगणार नाही. शेजारची म्हातारी सकाळी बसते, दुपारी चुलत्याचा पोरगा येतो. पोरगी आठवड्यातून चार दिवस शाळेत जाते, दोन दिवस अजून बुडतात. बालसंगोपनाचा अर्ज गेला आहे. दाखल्यासाठी बापाला जीप करून जिल्ह्याला नेले तर त्या दिवशी डॉक्टर रजेवर होते, रिकाम्या हाताने परत आलो. पुन्हा जाणार आहोत. या वेळी पोरीने चहा आणला नाही, चुलत्याच्या पोराने आणला. ती ओसरीवर गणिते सोडवत बसली होती. आम्ही तिचे कौतुक केले नाही. कोणते गणित अडले ते विचारले.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली यादी आणावी. रुग्ण कोण, त्याला कोण सांभाळते, त्या पोराचे वय काय, शाळा किती दिवस बुडाली आणि कोणता अर्ज केला, एवढ्या पाच गोष्टी एका कागदावर लिहा. नावे सभेत वाचली जाणार नाहीत, आजार हा चव्हाट्याचा विषय नाही. पण आकडे वाचले जातील आणि गावागावांतून बेरीज होईल. कापसाच्या भावाच्या ठरावाबरोबर याच बैठकीत हा ठरावही येईल. ज्या गावाची यादी कोरी असेल त्यांनी घरी परतल्यावर एकदा गल्लीतून फिरून यावे, आणि दुपारच्या वेळी कोणत्या दारात पोर दिसते ते बघावे.